तीन पिशव्या, बर्फाचा डबा एकच: चालेल का?

प्रश्न: रक्तपेढीतून एकाच रुग्णासाठी तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि एफएफपी (गोठवलेला रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा) अशा तीन पिशव्या न्यायच्या आहेत. बर्फाच्या एकाच डब्यात टाकल्या तर चालतील का? आणि रक्तच लागतंय, तर सरळ रक्ताची पिशवी का देत नाहीत?

रात्रपाळी_तंत्रज्ञ: प्लेटलेट डब्यात अजिबात नको. रक्तपेढीत त्या २० ते २४ अंशांवर, सतत हलणाऱ्या ट्रेवर असतात आणि पाचच दिवस टिकतात. गारठल्या की त्यांचा चपट्या चकतीसारखा आकार जाऊन त्या गोल होतात. मग रुग्णाच्या अंगात गेल्यावर यकृत त्या पटकन काढून टाकतं, म्हणजे पिशवी फुकट. पिशवी उजेडासमोर धरून हलकेच हलवा. आत धुरासारखी चमकती वलयं फिरली तर पेशी शाबूत आहेत. नुसतंच गढूळ दिसलं तर लावण्याआधी रक्तपेढीला दाखवा. नेताना कापडी पिशवी पुरते, फक्त ऊन लागू देऊ नका.

तांबड्या पेशी डब्यात न्या, पण बर्फ आणि पिशवी यांच्यामध्ये पुठ्ठा घाला. गोठलेल्या पेशी फुटतात आणि असं रक्त चढवणं जिवावर बेतू शकतं. एफएफपी बहुधा ३७ अंशांच्या पाण्यात वितळवूनच हातात देतात, तीही डब्यात चालेल. गोठलेली मिळाली तर वॉर्डात गरम पाण्याच्या बादलीत टाकू नका, त्यातली प्रथिनं नासतात.

पॅथॉलॉजी_वाला: दुसऱ्या प्रश्नाचं: रक्ताचे भाग वेगळे करून ज्याला जे लागेल तेवढंच देतात. रक्त सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवलं की जड तांबड्या पेशी तळाला बसतात, वर रक्तद्रव राहतो. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात. एका पिशवीने मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने चढतं. प्लेटलेट फुटलेल्या रक्तवाहिनीला बूच बसवतात. रक्तद्रवातले घटक ते बूच पक्कं करतात. हाच रक्तद्रव एफएफपी म्हणून गोठवला जातो. अशक्तपणावर 'ताकदीसाठी' एफएफपी मागणारे अजून भेटतात, त्याचा काडीचा उपयोग नाही. पांढऱ्या पेशी मात्र नकोशाच, चढवताना ताप येतो तो बऱ्याचदा त्यांच्यामुळे.

प्रश्नकर्ता: वॉर्डात पोचल्यावर लगेच लावल्या नाहीत तर फ्रीजमध्ये ठेवायच्या का?

रात्रपाळी_तंत्रज्ञ: औषधांच्या फ्रीजमध्ये एकही नको, त्याच्या तापमानाचा भरवसा नसतो. तांबड्या पेशी ३० मिनिटांत सुरू करा, सुरू केल्यापासून ४ तासांत संपवा. उशीर होणारच असेल तर त्या अर्ध्या तासातच परत पाठवा.

आयसीयू_सिस्टर: आणि त्याच नळीतून आरएल (रिंगर लॅक्टेट, शिरेतून देतात ते क्षारपाणी) सोडू नका. पिशवीतलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणून रक्त पातळ राहतं. आरएलमध्ये कॅल्शियम असतं, नळीतच गुठळ्या होतात. नळी धुवायची तर नॉर्मल सलाइननेच.