शब्दचर्चा: पेशीकंकाल, पेशीसांगाडा की सापळा?

ऱ्हस्वदीर्घ
टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) कॅन्सरपेशी कशा मारतात, यावरच्या एका भाषांतरात हे वाक्य आहे: ‘टी पेशीच्या कंकालाचे ध्रुवीकरण झाल्यावर कोशिकाघातक कणिका अर्बुदपेशीवर सोडल्या जातात.’ व्याकरणात खोट नाही, पण डोळ्यासमोर काहीच उभं राहत नाही. सायटोस्केलेटनला, म्हणजे पेशीला आकार देणाऱ्या आतल्या धाग्यांच्या चौकटीला, कंकाल म्हणावं, सांगाडा की सापळा? आणि ‘ध्रुवीकरण’ इथे चालेल?

जुना कोश
सापळा आधी बाद करा. हाडांचा सापळा असतो तसा उंदराचाही असतो. मारक पेशीच्या संदर्भात ‘पेशीसापळा’ वाचला की कॅन्सरपेशी पकडायचं जाळंच वाटेल. कंकालाला स्मशानाचा वास आहे. जिवंत पेशीला तो शोभत नाही. राहिला सांगाडा. तो घराचा असतो, छत्रीचा असतो, गणपतीच्या देखाव्याचाही असतो.

‘कोशिका’ हिंदीतून आली आहे. मराठीत सेल म्हणजे पेशी. हिंदीत मात्र पेशी म्हणजे आपला स्नायू, त्यामुळे तिकडचा मजकूर समोर ठेवून लिहिताना हमखास घोटाळा होतो. ‘घातक’ही नको. घातक गाठ म्हणजे कॅन्सरची गाठ हे रूढ आहे, म्हणजे त्या वाक्यात कोण कोणाचा घात करतंय तेच कळत नाही. ‘मारक’ स्वच्छ आहे.

सूक्ष्मदर्शी
सांगाडा चालेल, पण तो हलत नाही असं वाचकाला वाटतं, आणि इथे सगळी गंमत हलण्यातच आहे. आत तीन तऱ्हेचे धागे असतात: ॲक्टिनचे तंतू सुमारे ७ नॅनोमीटर जाड, मधले तंतू साधारण १०, आणि सूक्ष्मनलिका २५. मारण्याच्या कामात मुख्यतः पहिले आणि शेवटच्या.

क्रम असा. टी पेशी लक्ष्यपेशीला (जिला मारायचं तिला) टेकते. टेकल्या जागी ॲक्टिन पसरतं आणि पेशी तिथे चपटी होते. मग मधलं ॲक्टिन विरळ होऊन कडेला कडं उरतं. एरवी केंद्रकाजवळ असणारा सेंट्रोसोम, म्हणजे सूक्ष्मनलिका जिथून निघतात तो बिंदू, सरकत थेट त्या मोकळ्या जागेतल्या पटलाला (पेशीच्या बाहेरच्या आवरणाला) येऊन भिडतो. जिलियन ग्रिफिथ्स यांच्या गटाने हे २००६ मध्ये दाखवलं. नलिकांची एक टोकं सेंट्रोसोममध्ये रोवलेली असतात आणि डायनिन नावाचं प्रथिन मारक ऐवजाने भरलेल्या कणिकांना त्याच टोकाकडे ओढतं. म्हणून कणिकांना वेगळा नेम धरावा लागत नाही. सेंट्रोसोम जिथे, कणिका तिथे.

पुढचं काम कणिकांतल्या पर्फोरिन आणि ग्रॅन्झाइम या प्रथिनांचं. कॅल्शियमच्या साथीने पर्फोरिन लक्ष्यपेशीच्या पटलाला भोकं पाडतं, ग्रॅन्झाइम आत शिरतं आणि ती पेशी आत्मनाशाच्या वाटेला लागते. कणिका रित्या झाल्या की ॲक्टिन परत येऊन ती जागा बंद करतं.

नैसर्गिक मारक पेशीत (एनके) थोडा फरक आहे. तिथे कणिका आधी सेंट्रोसोमभोवती गोळा होतात आणि मग सगळा लवाजमा निघतो. मधलं ॲक्टिनही पुरतं हटत नाही. त्याच्या जाळीतल्या बारीक फटींतून कणिका वाट काढतात. तेव्हा ‘ॲक्टिन नाहीसं होतं’ असं सरसकट लिहू नका.

जुना कोश
मग परांची का नको? ती बांधतात, सोडतात, पुन्हा बांधतात.

सूक्ष्मदर्शी
परांची इमारतीच्या बाहेर असते आणि ती इमारतीला ढकलत नाही. ॲक्टिन आतून ढकलतं, ओढतंही. मॉर्गन ह्यूज यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की टी पेशीच्या या ओढीने लक्ष्यपेशीचं पटल ताणलं जातं आणि ताणलेल्या पटलाला पर्फोरिन जास्त सहज भोक पाडतं. म्हणून ‘इम्यून सिनॅप्स’ला, म्हणजे दोन पेशी टेकतात त्या जागेला, मला ‘संधी’पेक्षा ‘पकड’ बरी वाटते. संधीत चान्स आणि व्याकरण दोन्ही डोकावतात. पकडीत कुस्तीतला जोर आहे.

ऱ्हस्वदीर्घ
पकड आवडली. ध्रुवीकरणाचं काय?

जुना कोश
मतांचं ध्रुवीकरण म्हणजे दोन तट पडणं. इथे तर सगळी सामग्री एकाच बाजूला वळते. ‘मोहरा वळणे’ म्हणा.

सूक्ष्मदर्शी
मान्य. प्रतिकारशक्तीच्या आनुवंशिक बिघाडांबद्दल लिहिताना दोन गोष्टींत गल्लत नको. विस्कॉट-ऑल्ड्रिच विकारात डब्ल्यूएएसपी हे प्रथिन नसतं किंवा सदोष असतं. ॲक्टिनला फांद्या फोडणाऱ्या यंत्रणेला तेच चालना देतं, म्हणून तिथे पकडच ढिली पडते. ग्रिसेली विकाराच्या दुसऱ्या प्रकारात रॅब२७ए हे प्रथिन नसतं. सांगाडा ठीक, मोहरा वळतो, कणिका सेंट्रोसोमपाशी पोचतात, पण पटलाशी जुळून रित्या होत नाहीत. याला ‘सांगाड्याचा दोष’ म्हणणं चूक.

आणि सांगाडा समोरच्या पेशीतही असतो! स्तनाच्या कॅन्सरच्या काही पेशी एनके पेशी टेकल्या जागी स्वतःचं ॲक्टिन दाटून आणतात. अशा पेशींत ग्रॅन्झाइम कमी सापडतं आणि त्या वाचतात. तिथे ‘ॲक्टिनचा बांध’ चपखल बसेल.

चित्रओळ
सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांखालच्या ओळींबद्दल. ॲक्टिन दिसावं म्हणून लावतात ते फॅलॉयडिन फक्त तंतुरूप ॲक्टिनला चिकटतं, सुट्या रेणूंना नाही. म्हणून ‘ॲक्टिन’ नव्हे, ‘ॲक्टिन तंतू’ लिहा. नमुना मेथॅनॉलने स्थिर केला तर फॅलॉयडिन नीट धरत नाही. त्यासाठी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड वापरतात. स्थिर करण्याआधी नमुना बर्फात राहिला तर सूक्ष्मनलिका विरघळतात आणि ‘मोहरा वळला नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

कॅन्सरवरच्या पॅक्लिटॅक्सेलला ‘नलिका मोडणारं औषध’ म्हणतात तेही चूक. ते नलिका घट्ट करतं, सुटू देत नाही. मोडतात ती व्हिन्क्रिस्टिन आणि कोल्चिसिन ही औषधं.

जुना कोश
‘अर्बुदपेशी’ही जपून. अर्बुद म्हणजे गाठ. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरिअलच्या कामातून आलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ उपचारातल्या टी पेशी रक्ताच्या कॅन्सरवर चालतात. ल्युकेमियात गाठ कुठे असते? ‘कॅन्सरपेशी’ सगळीकडे चालतं.

ऱ्हस्वदीर्घ
मग असं: ‘टी पेशी कॅन्सरपेशीची पकड घेते, टी पेशीच्या सांगाड्याचा मोहरा त्या बाजूला वळतो आणि ती मारक कणिका सोडते.’

सूक्ष्मदर्शी
शेवटचा भाग बदला. कणिका बाहेर पडत नाही, ती पटलात मिसळते; बाहेर पडतो तिच्यातला ऐवज. ‘मारक कणिका पकडीच्या जागी रित्या होतात.’