मधमाशीसारखे फूल असलेली रानटी आमरी खानदेशात वाढवता येईल का?

प्रश्न (रावेर)

सर्वांना नमस्कार. युरोपात आणि भूमध्य सागराच्या काठावरील देशांत उगवणारी मधमाशी ऑर्किड (ऑर्किड म्हणजेच आमरी), शास्त्रीय नाव ऑफ्रिस एपिफेरा, आपल्या अंगणात फुलावी अशी माझी फार इच्छा आहे. तिच्या गुलाबी पाकळ्यांच्या मधोमध तपकिरी, लवदार आणि फुगीर अशी जी खालची पाकळी असते, ती पाहताना फुलावर खरोखरच मधमाशी बसली आहे असे वाटते. या आमरीचे बी म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी पुडी मागवली. तीत मोहरीएवढे काळे, गोल दाणे निघाले आणि त्यांतला एकही रुजला नाही. आमच्या शिवारात केळीची ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपे सर्रास लागतात, तर त्याच पद्धतीने हे रोप तयार होऊ शकेल का? शिवाय ज्या माशीची नक्कल हे फूल करते ती आपल्याकडे नसेल, तर बी धरेल का?

उत्तर (धुळे)

भाऊ, पुडीत निघालेले दाणे आमरीचे नाहीतच. कोणत्याही आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते. पिकलेले बोंड फुटले की साध्या वाऱ्याने ते उडून जाते. त्या बियांत अंकुराला पुरेल असा अन्नसाठा नसतो, म्हणून निसर्गात ते रुजण्यासाठी मातीतील विशिष्ट बुरशीची सोबत लागते. ही गोष्ट नोएल बेर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात १८९९ मध्ये आली. पुढे १९२२ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या निर्जंतुक माध्यमावर, बुरशीवाचून, आमरीचे बी रुजवून दाखवले. त्यामुळे प्रयोगशाळेत हे काम होते, परंतु केळीइतके सोपे होत नाही. केळीत कंदाच्या कोंबापासून एकसारखी रोपे झपाट्याने वाढवता येतात. येथे बी पेरावे लागते, आणि बाटलीतून बाहेर काढलेले नाजूक रोप कंद धरून फुलावर येईपर्यंत कित्येक वर्षे जातात.

माशीची चिंता मात्र करू नये. ऑफ्रिसच्या बहुतेक जाती मादी कीटकाचे रूप आणि गंध दोन्ही उचलतात. नर फसून फुलाशी झोंबतो आणि परागांचे गोळे डोक्यावर घेऊन पुढच्या फुलाकडे जातो. अल्जीरियात न्यायाधीश असलेल्या पुयान यांनी हा प्रकार वर्षानुवर्षे पाहून १९१६ मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कोरेव्हों यांच्यासह प्रसिद्ध केला, आणि तो वाचताना त्यांच्या चिकाटीविषयी मला अतिशय आदर वाटतो. मधमाशी ऑर्किड मात्र ऑफ्रिसच्या या जातींत वेगळी आहे. तिच्या परागगोळ्यांचे बारीक देठ आपोआप पुढे वाकतात, गोळे कुक्षीसमोर, म्हणजे फुलाच्या पराग धरणाऱ्या भागासमोर, लोंबू लागतात आणि वाऱ्याच्या हालचालीने तिला चिकटतात. अशा रीतीने माशीवाचूनही तिला बी धरते.

उत्तर (जळगाव)

वरील माहिती योग्य आहे. मला ऋतूंविषयी लिहायचे आहे, कारण खरी अडचण तेथेच आहे. या वनस्पतीच्या मूळ प्रदेशात हिवाळा ओला आणि उन्हाळा कोरडा असतो. शरद ऋतूत कंदातून पानांचा चक्राकार झुपका जमिनीलगत पसरतो, तो थंडीभर हिरवा राहतो, वसंतात दांडा येऊन फुले उमलतात आणि त्यानंतर पाने वाळून केवळ नवा कंद मातीत झोपी जातो. आपल्याकडे नेमका कंदाच्या झोपेच्या काळात मृगाचा पाऊस येतो. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांचे ऊन कंदाला त्रासदायक आहेच, परंतु माझ्या मते त्याहून मोठा धोका गरम आणि ओल्या मातीत कंद कुजण्याचा आहे.

म्हणून ती जमिनीत न लावता कुंडीतच लावावी. आपल्या काळ्या मातीतील चुनखडी या आमरीला मानवणारी आहे, पण ही माती चिकण असल्याने पाणी धरून ठेवते; त्यामुळे जाड वाळू, परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे खडे), चुनखडीचे बारीक खडे आणि थोडे पानकुजीचे खत असे मोकळे मिश्रण घ्यावे. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाणी देण्याची घाई न करता रात्री गार होऊ लागल्यावर सुरुवात करावी, आणि पाणी कुंडीच्या कडेने द्यावे, कारण झुपक्याच्या मध्यात साचलेल्या पाण्याने कोंब सडतो. रासायनिक खत व बुरशीनाशक टाळावे. ज्या बुरशीच्या आधारावर मुळे जगतात तीच त्याने मरते. पाने पिवळी पडली की पाणी हळूहळू बंद करून कुंडी घरातील सर्वांत थंड, सावलीच्या जागी ठेवावी आणि पावसाळाभर छताखालून हलवू नये.

प्रश्नकर्ते (रावेर)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कंद परदेशातून मागवता येतील का? आणि ते जमले नाही, तर सातपुड्यातून एखादी जमिनीतील आमरी आणून लावावी का?

उत्तर (शहादा)

परदेशातून मागवायचेच असेल, तर प्रयोगशाळेत वाढवलेले कंद रीतसर कागदपत्रांसह मागवावेत. संपूर्ण आमरी कुळ साइट्स या, धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येते, आणि आपल्या देशात रोपे आणण्यासाठी आयात परवाना व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. टपालाने गुपचूप येणारे कंद बहुधा रानातून उपटलेले असतात. ते घेऊ नयेत.

सातपुड्यातून तर काहीही उपटून आणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडील हबेनारिया या जमिनीत उगवणाऱ्या आमऱ्यांचे कंद पावसाळ्यात जागे होतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी पुन्हा झोपतात, म्हणजे मधमाशी ऑर्किडच्या अगदी उलट. आणि त्यांनाही मुळांशी त्या ठिकाणचीच बुरशी लागते, त्यामुळे अंगणात आणलेला कंद फार तर साठवलेल्या अन्नावर एखादा हंगाम तग धरतो. त्यांची पांढरी फुले कीटकाची नक्कल करीत नाहीत, तरी पावसाळ्यात तोरणमाळला जाऊन ती जागेवर अवश्य पाहावीत.

घरी आमरी हवीच असेल, तर रोपवाटिकेत वाढवलेली वांडा टेसेलाटा घ्यावी. ही आपल्याकडे आंब्यावर वाढणारी आमरी असून तिच्या पिवळट पाकळ्यांवर तपकिरी जाळी, खाली जांभळट ओठ आणि छान सुगंध असतो. तिला माती लागत नाही. आंब्याच्या खोडावर, विरळ सावली पडेल अशा बाजूस, काथ्याने मुळे सैलसर बांधावीत आणि मुळे खोडाला धरेपर्यंत उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा द्यावा.