डॉली पार्टन : विगखाली झाकली गेलेली गीतकार?

तिरकीट :
अमेरिकेच्या कंट्री संगीतातली गायिका-गीतकार डॉली पार्टन म्हटलं की लोकांना आधी सोनेरी विग आठवतो, मग तिचे स्वतःच्याच छातीवरचे विनोद, मग टेनेसीतलं तिचं मनोरंजन उद्यान डॉलीवूड. गाण्यांचा नंबर शेवटी. माझ्या मते याला ती स्वतःच जबाबदार आहे. 'जोलीन' ऐका. आपला नवरा सहज पळवू शकेल अशा बाईवर ती चिडत नाही. तिच्या केसांचं, कांतीचं कौतुक करत चक्क हात जोडते. इतकं निर्लज्जपणे खरं गाणं लिहिणाऱ्या बाईने स्वतःचं कार्टून का करून घ्यावं? कंट्री गायिका लोरेटा लिनही गरिबीतूनच आली, तिला नाही लागला असला अवतार.

फोडणीचा_भात :
अवतार काय नॅशव्हिलच्या संगीत कंपन्यांच्या शेटजींनी दिला? बारा भावंडांतली चौथी. 1946 मध्ये ती जन्मली तेव्हा बापाने डॉक्टरची फी मक्याच्या पिठाचं पोतं देऊन भागवली. अशा घरातल्या पोरीला गावाने नावं ठेवलेली, रंगरंगोटी करणारी एक बाई जगात सगळ्यात सुंदर वाटली आणि तिने तोच थाट उचलला, हे तिनेच कितीदा सांगितलंय. गरिबीचं म्हणाल तर 'कोट ऑफ मेनी कलर्स' ऐका. आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटावरचं हे गाणं तिने दौऱ्यावर असताना बसमध्ये, तिला संधी देणारा गायक पोर्टर वॅगनर याच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीमागे लिहिलं. विग काही आड आला नाही.

आणि लोक तिला बावळट समजत होते त्याचा तिला फायदाच झाला. वॅगनरच्या टीव्ही शोमध्ये ती 1967 पासून होती. 1974 मध्ये त्याला सोडलं, त्याआधीच निरोपादाखल 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' लिहिलं होतं. एल्व्हिसला ते गायचं होतं. रेकॉर्डिंग तोंडावर आलं आणि त्याचा मॅनेजर कर्नल पार्करने निरोप धाडला, की गाण्याचे अर्धे प्रकाशन हक्क आम्हाला हवेत. साक्षात एल्व्हिस! ती रात्रभर रडली, पण हक्क सोडले नाहीत. 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं गायलं, 14 आठवडे पहिल्या नंबरावर होतं. पैसे कुणाकडे गेले ते सांगायला नको.

तिरकीट :
हिशेबाला पक्की आहे हे कोण नाकारतंय? मी गाण्याबद्दल बोलतोय. 1977 मध्ये पॉपचा बाजार हवासा वाटला, तर दुसऱ्यांनी लिहिलेलं 'हिअर यू कम अगेन' घेतलं. एवढी लेखणी हाताशी असताना!

डोंगरवाट :
घेतलं, पण त्यात कंट्रीची ओळख असलेली स्टील गिटार घालाच म्हणून निर्मात्याच्या मागे लागली. उद्या कुणी 'हे कंट्री कुठंय' म्हणालं तर दाखवायला. आणि 1999 मध्ये 'द ग्रास इज ब्लू' करून सरळ ब्लूग्रासकडे, म्हणजे बँजो-फिडलवरच्या डोंगराळ भागातल्या संगीताकडे परतली. ते न ऐकता तिच्यावर बोलणं म्हणजे अवघडच.

मला खटकतं ते वेगळंच. 2017 च्या एमी या टीव्ही पुरस्कार सोहळ्यात तिच्या 'नाइन टू फाइव्ह' सिनेमातल्या सहकलाकार जेन फोंडा आणि लिली टॉमलिन दोघींनी ट्रम्पवर तोंडसुख घेतलं. डॉली मध्ये उभी, आणि तिने विषय टाळला कशाने, तर स्वतःच्या छातीवरच्या विनोदाने. हा विग, हे विनोद, ही ढाल आहे. दोन्हीकडचं गिऱ्हाईक दुखवायचं नाही.

फोडणीचा_भात :
मग? माइकवर घोषणा दिली तरच भूमिका असते का? बापाला लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून 1995 मध्ये आपल्या सेव्हिअर काउंटीतल्या लहान मुलांना दर महिन्याला घरपोच पुस्तक द्यायला लागली; आता आजवर वाटलेल्या पुस्तकांचा एकूण आकडा 20 कोटींच्या वर गेलाय. 2020 मध्ये कोविड संशोधनाला 10 लाख डॉलर दिले, त्यातले काही मॉडर्नाच्या लशीच्या कामी आले. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या आंदोलनाच्या बाजूने उघड बोललीही. 2018 मध्ये आपल्या 'डिक्सी स्टँपीड' या जेवणावळीच्या शोच्या नावातून 'डिक्सी' (गुलामगिरी पाळणाऱ्या अमेरिकी दक्षिणेचं टोपणनाव) हा शब्द काढला.

डोंगरवाट :
काढला, पण कधी? गुलामगिरी पुसून टाकून अमेरिकेच्या यादवी युद्धाचा तमाशा मांडलाय अशी माध्यमांत टीका झाल्यावर. त्याआधी जवळजवळ 30 वर्षं तोच शो, त्याच नावाने, तिकीट लावून चालू होता.

तिरकीट :
धागा माझा होता गाण्यांचा, तुम्ही दोघांनी नेला डॉलीवूडला. हेच तर मी म्हणत होतो!