ऑफिसातली हिरवी वही

बी-४०२: सेक्रेटरीसाहेब, नमस्कार. पावती घ्यायला सोसायटीच्या ऑफिसात गेलो तर हिरव्या वहीत अकरा जणांच्या कार्डांचे पूर्ण नंबर, एक्स्पायरी, तिघांचे तर सीव्हीव्ही, म्हणजे कार्डामागचे तीन गुप्त आकडेसुद्धा! वही टेबलावर उघडी.

सेक्रेटरी: काका, वही एरवी कपाटात असते. ज्येष्ठांचा मेंटेनन्स भरून देतो, म्हणून नंबर घेतले. आभार राहिले बाजूला.

ए-१०३: मीच दिलाय नंबर. बारीक अक्षर दिसत नाही मला. अ‍ॅपमध्ये कार्ड सेव्ह केलेलं चालतं, मग वहीत का नाही?

सी-३०४: काकू, अ‍ॅपकडे तुमचा नंबर नसतोच. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दुकानदार, अ‍ॅपवाल्यांना तो साठवायला मनाई केली आहे. पूर्ण नंबर फक्त तुमची बँक आणि रुपे, व्हिसासारख्या नेटवर्ककडे. अ‍ॅपकडे टोकन, म्हणजे बदली नंबर, आणि ओळखीपुरते शेवटचे ४ आकडे.

ए-२०१: देवळाबाहेर चपलांचा बिल्ला मिळतो तसा? 😄

सी-३०४: अगदी तसाच. एका स्टँडचा बिल्ला दुसरीकडे चालत नाही, तसं प्रत्येक दुकानाचं टोकन वेगळं. चोरीला गेलं तरी त्यावरून कार्डाचा नंबर काढता येत नाही.

बी-४०२: वही आजच बंद करा.

डी-५०१: चपलांवरून आठवलं, आमच्या दारातला चपलांचा ढीग कोणाचा?

ए-२०१: पाहुणे होते हो. तुमची सायकल जिन्यात वर्षभर आहे, आम्ही बोललो का?

सेक्रेटरी: कृपया विषयावर बोला. ओटीपीशिवाय पैसे जात नाहीत, उगाच घबराट नको.

सी-३०४: दादा, परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपी मागतच नाहीत. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असेल तर नंबर, एक्स्पायरी, सीव्हीव्ही पुरतात. सीव्हीव्ही लिहून दिलेल्या तिघांनी कार्ड बदलून घ्या, मनापासून सांगते.

बी-४०२: पुन्हा लिहितो. वही आजच बंद करा.

सेक्रेटरी: काका, वाचलं. पानं फाडून जाळतो, तुम्ही समोर उभे राहा. माझा हेतू वाईट नव्हता.

बी-४०२: हेतूवर शंका नाही हो. वहीवर आहे.

ए-१०३: मग माझा मेंटेनन्स कोण भरणार?

सी-३०४: मी येते काकू. तुमच्याच फोनवर कार्ड जोडू, ओटीपी आला की तुम्हीच टाका. टोकनचे पैसे लागत नाहीत. नको वाटलं तर काढूनही टाकता येतं.

ए-१०३: ७ नंतर ये. तोवर चष्मा शोधते.