ढोबळी मिरचीचा वास आला म्हणजे बाटली खराब नव्हे

एकांनी लिहिलंय की सोव्हिन्यॉं ब्लां या पांढऱ्या वाइनला कच्च्या ढोबळी मिरचीचा वास आला, म्हणून अर्धी बाटली ओतून दिली. अहो, काय हे! तो वास ही वाइन ज्यापासून बनते त्या सोव्हिन्यॉं ब्लां द्राक्षाचाच. पायरझिन नावाची द्रव्यं ढोबळी मिरचीतही असतात आणि या द्राक्षातही. थंड हवेत किंवा जरा लवकर तोडलेल्या द्राक्षात हा हिरवा वास जास्त, उन्हात पिकली की कमी होतो. हे वाण मूळचं फ्रान्सचं. काबर्ने सोव्हिन्यॉं ही प्रसिद्ध लाल जात याच्या आणि काबर्ने फ्रांक या दुसऱ्या लाल द्राक्षाच्या संकरातून आली, हे 1997 मध्ये डीएनए तपासणीत कळलं. म्हणून त्या लालमध्येही कधीकधी तीच मिरची डोकावते.

आमच्या नागपुरात मी ही वाइन सांबारवडीसोबत घेतो. (पुणेकरांनो, सांबार म्हणजे कोथिंबीर!) वडीतला हिरवा वास आणि वाइनचा आंबटपणा मस्त जुळतो. सावजी रश्श्यापुढे मात्र बिचारीचं काही चालत नाही.

आठ-दहा अंशांवर प्या. मे महिन्यात ग्लासात दोनच घोट ओता अन् बाटली बर्फाच्या पातेल्यात ठेवा, नाहीतर गप्पा संपेपर्यंत तिचा काढा होतो बाप्पा.