सही नसलेल्या कंपनीला लवादात ओढायचं का? लंडन म्हणतं नाही, पॅरिस म्हणतं हो

नाशिककर: कबाबजी ही लेबननची रेस्टॉरंट कंपनी, तिने २००१ मध्ये कुवेतच्या एका कंपनीला फ्रँचायझी दिली, करार इंग्लिश कायद्याखाली पण वाद झाला तर लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी खासगी पंचांपुढे निवाडा, पॅरिसला. २००५ मध्ये ती कुवेती कंपनी कूत फूड ग्रुपकडे गेली. ग्रुपची करारावर सही नाही, पण काम तेच बघत होते असं लवादाला दिसलं आणि निवाडा ग्रुपवरच झाला. २०२१ मध्ये लंडनचं सुप्रीम कोर्ट म्हणालं ग्रुप पक्षकारच नाही, वसुली नाही. २०२२ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च कोर्टाने तोच निवाडा उचलून धरला. मला फ्रान्सचं पटतं, कागदापेक्षा वागणूक बघा ना!

डोंबिवलीकर: अजिबात नाही पटत. त्या करारात स्पष्ट लिहिलेलं की बदल करायचा तर लेखी आणि सहीनिशीच. मग ते कलम कशाला घातलं? लवादात अपिलाला जागा फार थोडी, कोर्टाचं दार बंद होतं, ते दार मी स्वतः बंद केलं असेल तरच मला बांधा.

नाशिककर: आणि फसवणूक झाली तर? माझ्या भावाने सबकॉन्ट्रॅक्ट घेतलं, ऑर्डरी, मीटिंगा, साइटवर दमदाटी सगळं मोठ्या कंपनीचं, सही मात्र तिच्या एका छोट्या कंपनीची जिच्या खात्यात काहीच नाही. तीन वर्षं झाली, बिल तसंच पडून आहे, आता त्याने सही कुणाची होती हे बघत बसायचं का?

डोंबिवलीकर: भावाचं वाईट वाटतं खरंच. पण त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच मोठ्या कंपनीची गॅरंटी मागणं. नाहीतर उद्या ग्रुपमधली कुठलीही कंपनी कुठेही ओढली जाईल.

सातारकर: दोघंही एक गोष्ट सोडताय. लंडन-पॅरिसचं भांडण मुळात करारातल्या लवादाच्या कलमाला कुठला कायदा लावायचा यावर होतं. लंडनने कराराचा म्हणजे इंग्लिश कायदा लावला, पॅरिसने लवाद जिथे बसला तिथला. आणि इंग्लंडने २०२५ च्या नव्या कायद्यात स्वतःचाच नियम फिरवला, कलमासाठी वेगळं काही ठरवलं नसेल तर लवादाच्या ठिकाणचा कायदा, १ ऑगस्टपासून लागू.

डोंबिवलीकर: ते मान्य, पण त्याने सही लागते की नाही हे कुठे सुटलं? लवाद लंडनला असेल तर इंग्लिश कायदाच लागणार.

सातारकर: नाही सुटलं. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये कॉक्स अँड किंग्स प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या ५ न्यायमूर्तींनी सांगितलं की सही नसलेली कंपनीही लवादाच्या कलमाने बांधली जाऊ शकते, पण नुसती एका ग्रुपची आहे म्हणून नाही, वागण्यातून तसा इरादा दिसला पाहिजे. नाशिककर, भावाला म्हणावं मोठ्या कंपनीचे ईमेल आणि मीटिंगची टिपणं आधी गोळा कर.