मदत हवी आहे: भांडुपमध्ये पेस्ट कंट्रोल सुरू करतोय, सव्वाचार लाखांत भागेल का?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहायला आज पहिल्यांदाच बसले. थोडं लांबेल, पण पूर्ण हिशेब मांडल्याशिवाय तुम्ही तरी काय सांगणार.

माझे मिस्टर ११ वर्षं पेस्ट कंट्रोलच्या कामात आहेत. शिक्षण बारावी, पण हाताला कसब आहे. वाळवीच्या कामात भिंतीच्या कडेने एक-एक फुटावर १२ एमएमची भोकं पाडून औषध सोडतात. टाइलला तडा न जाता ती भोकं पाडायची आणि नंतर टाइलच्या रंगाचं सिमेंट कालवून अशी बुजवायची, की घरच्या बाईला दुसऱ्या दिवशी ती शोधावी लागतात. हे त्यांना जमतं. मी २०१२ची बी.एस्सी., केमिस्ट्री घेऊन. घरी शिकवण्या घेते, महिन्याला ९ हजार सुटतात. मुलगा चौथीत. मिस्टरांना पगार २६ हजार.

स्वतःचं सुरू करायचं दोन वर्षं चाललंय. परवान्याची चौकशी केली तेव्हा कळलं की १९७१च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे पेस्ट कंट्रोलचा परवाना मागणारा कृषी पदवीधर किंवा केमिस्ट्री घेतलेला विज्ञान पदवीधर लागतो, आणि वर नेमलेल्या संस्थेतून किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण. म्हणजे ११ वर्षांचा अनुभव त्यांचा, पण अर्ज माझ्या नावाने. त्यांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं असेल असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "मग तुझी डिग्री कामाला आली की." मीच जरा गप्प झाले. तेव्हापासून मी औषधांची लेबलं वाचायला लागले आहे.

आता खर्च. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात दोन शनिवार घालवून भाव काढलेत. बॅटरीवरचे १६ लिटरचे पाठीवरचे पंप दोन, ६,४००. साधे हातपंप दोन, २,८००. हॅमर ड्रिल ७,५००. झुरळांचं जेल लावायच्या दोन गन १,८००. टॉर्च, एक्स्टेंशन बोर्ड, नोझल असं किरकोळ सामान ४,०००. मास्क, त्याला लागणारी काट्रिज (औषधाची वाफ गाळणारे डबे), गॉगल, हातमोजे, गमबूट, एप्रन, दोन माणसांचं मिळून ९,५००. औषधांचा पहिला साठा ३८,०००. बेरीज ७० हजार. फॉगिंग मशीन तूर्त घेत नाही, लागलं तर भाड्याने आणू.

ते १५ दिवसांचं प्रशिक्षण हैदराबादच्या संस्थेत घ्यायचं ठरवलंय; त्याची फी, जाणं-येणं, राहणं आणि परवान्याची कागदपत्रं मिळून ५० हजार धरलेत. स्टेशनच्या पश्चिमेला एक छोटा गाळा बघितलाय, भाडं ११ हजार, डिपॉझिट ६० हजार. दलाली आणि करारनाम्याची नोंदणी धरून तिथे ७४ हजार जातील. बिलबुकं, कार्डं, ऑनलाइन जाहिरात २० हजार. विमा १२ हजार. एकरकमी खर्च झाला २,२६,०००.

शिवाय सहा महिने धंदा ओढायचा तर गाळ्याचं भाडं ६६ हजार, एक हेल्पर १८ हजारांनी १,०८,०००, पेट्रोल २४ हजार. स्कूटर घरची आहे. सगळं मिळून ४,२४,०००. शिल्लक आहे ३,१०,०००. उरलेल्यासाठी माझ्या पाटल्या गहाण ठेवायच्या की मुद्रा कर्ज काढायचं, हा घरातला सध्याचा विषय.

ज्यांना ज्यांना ही यादी दाखवली ते पहिलं बोट मास्कवर ठेवतात. "एवढ्याची काय गरज, रुमाल बांधतात सगळे." म्हणून एक प्रसंग सांगते. मिस्टर आधी एका कंपनीत होते तेव्हा त्यांच्यासोबतचा मुलगा, वय २२, एका इमारतीच्या तळघरात फवारणी करत होता. तोंडाला रुमाल. वीस मिनिटांत बाहेर येऊन पायरीवर बसला. तोंडातून लाळ गळत होती, दरदरून घाम, उलटी. मिस्टर त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलला घेऊन गेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठलं औषध होतं?" उत्तर कोणाकडेच नव्हतं, कारण औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून दिलेलं. ऑफिसला फोन केला तर त्यांनाही नीट सांगता येईना. मुलगा वाचला, पण नंतर गावी गेला तो परत आला नाही. त्या रात्री मिस्टर जेवले नाहीत. तेव्हा ९,५०० हा आकडा कमी होणार नाही, आणि औषध मूळ बाटलीतून, लेबलासकटच कामावर जाईल. बाकी कुठेही कात्री लावायला सांगा.

विचारायचंय ते असं: या यादीत काय राहिलंय? काय उगाच आहे? सोसायट्यांचे पैसे खरंच किती दिवसांनी येतात? आणि बाजारात एक बीएचकेचं झुरळांचं काम ४०० रुपयांत करणारेही आहेत, त्यांच्यासमोर टिकायचं कसं?

प्रतिसाद: ठाणेकर

ताई, मी १४ वर्षं हाच धंदा करतोय. मास्कबद्दल लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. काट्रिज ठरावीक काळाने बदलावं लागतं, ते दर महिन्याच्या खर्चात धरा, एकरकमीत नाही.

गाळा कापू नका. बरेच जण सुरुवातीला घराच्या माळ्यावर औषध ठेवतात आणि घरात लहान मूल असतं. नियमांप्रमाणे साठा वेगळ्या खोलीत किंवा कुलपाच्या कपाटात लागतो, आणि परवानाही त्या जागेच्या पत्त्यावर निघतो. गाळामालकाला आत काय ठेवणार ते आधी सांगा आणि करारनाम्यात लिहून घ्या. माझ्या पहिल्या मालकाने वास येतो म्हणून तीन महिन्यांत बाहेर काढलं, डिपॉझिट मिळायला वर्ष गेलं.

हेल्पर मात्र कापा. पहिले सहा महिने रोजची कामं नसतात. ड्रिलिंगच्या दिवशी रोजावर माणूस घ्या, ८०० रुपये द्या. त्यालाही तोच मास्क.

राहिलेलं म्हणाल तर दुसरी फेरी. ढेकणांच्या कामात अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत, दहा-पंधरा दिवसांनी परत जावंच लागतं. दर सांगताना दोन फेऱ्यांचं पेट्रोल आणि वेळ धरा. जेलचंही तेच. स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीच्या बिजागरीत मुगाच्या दाण्याएवढा ठिपका लावून तुम्ही येता, आणि संध्याकाळी घरची मंडळी त्यावर बाजारचा स्प्रे मारतात. मग झुरळ त्याला तोंड लावत नाही आणि "तुमचं औषध चाललं नाही" म्हणून फोन येतो. निघताना हे समजावायला पाच मिनिटं काढली तर एक फेरी वाचते.

४०० वाल्यांशी भाव करू नका. बिल्डरच्या कामाचा हिशेब देतो, म्हणजे कळेल. बांधकामाआधीच्या वाळवीच्या कामाला आयएस ६३१३ हे भारतीय मानक लागू होतं. जोत्याच्या मातीवर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण. ४०० चौरस मीटरचं जोतं म्हणजे २,००० लिटर. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के हे वाळवीचं औषध लिटरला २.१ मिली, म्हणजे ४.२ लिटर औषध नुसतं आडव्या भागाला, पायाच्या उभ्या बाजूंचं वेगळं. आता त्या औषधाच्या खरेदीपेक्षा कमी दर कोणी दिला असेल तर तो जमिनीत काय ओतणार आहे ते तुम्हीच सांगा. आणि बिल्डर वर दहा वर्षांची हमी लिहून मागतो, पैसे देतो सहा महिन्यांनी. पहिल्या वर्षी या कामाला हात लावू नका.

आणखी एक. गिऱ्हाईक "तो जुना उग्र वासाचा माल मारा" म्हणेल. तो म्हणजे डायक्लोरव्हॉस, त्यावर २०२०च्या अखेरीपासून बंदी आहे. काही जण ढेकणांसाठी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मागतात. त्यातून फॉस्फिन वायू निघतो, तो बंद घरात आणि शेजारच्या घरातसुद्धा माणसं मारतो. त्याला वेगळी मंजुरी लागते आणि ते राहत्या घरात करायचं काम नाही. कितीही पैसे देऊ केले तरी नाही म्हणा.

मार्च ते मे वाळवी, कारण पहिल्या पावसात पंखवाल्या वाळव्या दिव्याभोवती दिसल्या की लोक घाबरतात आणि त्याच्या आधीच चौकशी सुरू होते. पावसात डास आणि उंदीर. डिसेंबर-जानेवारीत धंदा थंड. सुरुवात फेब्रुवारीत जमली तर बघा.

प्रतिसाद: हिशेबनीस

मी सोसायट्यांची ऑडिट करतो, त्या बाजूने सांगतो. बिल दिल्यावर सेक्रेटरी बघतात, मग कमिटीची बैठक, मग चेकवर दोन सह्या. त्यातला एक जण गावी गेलेला असतो. ४५ ते ६० दिवस धरून चाला. कमिटी बदलली तर अजून लांबतं. तेव्हा घरगुती कामं रोख किंवा यूपीआयवर आणि सोसायटीची कामं उधारीवर, असं मिश्रण ठेवा. नुसत्या सोसायट्यांवर घर चालणार नाही. तुमच्या यादीत उधारीत अडकणाऱ्या पैशांसाठी एक पैसाही नाही, निदान ६० हजार बाजूला ठेवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करा. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे, दोन-तीन हजार मागणाऱ्यांना देऊ नका. त्या नोंदणीचा उपयोग असा, की २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानुसार ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशिरावर चक्रवाढ व्याज लागतं. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ छापा. भांडायची वेळ क्वचितच येते, पण हॉटेलवाले आणि कंपन्या ती ओळ वाचतात.

दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली तुमच्याएवढ्या छोट्या धंद्याला नुसती ऑनलाइन सूचना पुरते. व्यवसाय कर वर्षाला २,५००, तो यादीत नाही. जीएसटी सेवांना वार्षिक २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीचा नाही. घरगुती गिऱ्हाइकाला १८ टक्के जास्त सांगणं जड जातं, म्हणून पहिल्या वर्षी घाई नको. पण औषधांवर भरलेला जीएसटी तोवर परत मिळणार नाही, म्हणजे तुमचे ३८ हजार करासकट आहेत ना ते बघा.

कर्ज: मुद्रामध्ये ५० हजारांपर्यंत शिशु, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर. तारण लागत नाही. पाटल्या घरात राहू द्या.

प्रतिसाद: सेक्रेटरी, मुलुंड

थोडक्यात लिहितो. आमच्याकडे दर वर्षी चार-पाच कोटेशन येतात, सगळ्यांत स्वस्त आम्ही घेत नाही. परवान्याची प्रत, विम्याची प्रत आणि कोणतं औषध किती टक्क्यांचं मारणार ते कागदावर, एवढं जो देतो त्याला बोलावतो. गेल्या खेपेला उंदरांच्या औषधाने इमारतीखालची दोन मांजरं गेली आणि मला तीन महिने लोकांना उत्तरं द्यावी लागली. उंदरांसाठी कुलूपबंद डब्या लावणार असाल तर तसं कोटेशनमध्ये ठळक लिहा. आणि फवारणीच्या आदल्या दिवशी नोटीस लावा: माशांची टाकी झाका, पिण्याच्या पाण्याची भांडी आत घ्या वगैरे. ही नोटीस तुम्हीच छापून आणलीत तर सेक्रेटरीचं निम्मं काम होतं.

मूळ लेखिका:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोघांनी बसून यादी परत मांडली.

हेल्परचे १,०८,००० काढून रोजावरच्या माणसासाठी ३० हजार ठेवले. उधारीसाठी ६० हजार घातले. व्यवसाय कर, काट्रिज आणि उंदरांच्या डब्या यांना मिळून १४ हजार. एकूण ४,२०,००० झाले, म्हणजे रक्कम जवळपास तीच, पण आता पैसे योग्य जागी आहेत असं वाटतंय. कमी पडणाऱ्या १,१०,००० साठी किशोरचा अर्ज करणार. औषधांचे भाव विचारले ते कर सोडून होते, हिशेबनीस साहेबांमुळे कळलं. तिथे आणखी सात हजारांच्या आसपास लागतील, ते जाहिरातीतून काढतोय.

नोटीस मी काल लगेच लिहून काढली. मिस्टरांनी वाचून त्यात एक ओळ घातली: घरात गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा दम्याचा रुग्ण असेल तर आधी सांगा. ११ वर्षांत त्यांना कामावर पोचल्यावर दारातच हे कळलंय आणि परत फिरावं लागलंय, असं म्हणाले.

मिस्टर नोकरी परवाना हातात येईपर्यंत सोडणार नाहीत. मी उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या बॅचला हैदराबादला जायचं म्हणते, मुलाला तेवढे दिवस आईकडे देवरुखला ठेवेन. तिथल्या संस्थेत प्रशिक्षण घेतलेल्या कोणी बायका इथे असतील तर कृपया लिहा: वसतिगृहात राहण्याची सोय कशी आहे, आणि १२ वर्षं केमिस्ट्रीचं पुस्तक न उघडलेल्या माणसाने जाण्याआधी काय वाचून जावं?